नवव्या वर्गाची देश-पत्रकं : प्रकल्प नोंदी

२३ जून २०२५

नववीच्या भूगोलाचा यंदाचा प्रकल्प ठरला. छोटे विकसनशील देश, एका देशाला एक कार्डशीट. डिसेंबरात ही पत्रकं गावातल्या अभ्यासिकेच्या भिंतीवर लागतील. तिथे पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी अशा परीक्षांची तयारी करणारी मुलं-मुली दिवसभर बसलेली असतात. राजधान्या आणि चलनं त्यांना तोंडपाठ. लेसोथोची राजधानी मासेरू, चलन लोती, हे त्यातलं कुणीही झोपेतून उठून सांगेल. पण लेसोथोतला माणूस पोट कशावर भरतो, असं विचारलं की सगळे गप्प होतात. पत्रकं करायची ती यासाठी.

आमची शाळा बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातली, जिल्हा परिषदेची प्रशाला. वर्गातली बरीच मुलं ऊसतोड कामगारांची. दिवाळीनंतर पट निम्म्यावर येतो, म्हणून मोठं काम त्याआधी हातावेगळं करायचं आहे.

देश निवडायला साधी अट घातली : क्षेत्रफळ मराठवाड्याहून लहान हवं. आपला मराठवाडा साधारण ६४ हजार चौ. किमी. शक्यतो संयुक्त राष्ट्रांच्या अल्पविकसित देशांच्या यादीत आज असलेला किंवा पूर्वी असलेला देश घ्यायचा. ही यादी १९७१ पासून चालत आली आहे. त्यात आज ४४ देश आहेत. दर तीन वर्षांनी तपासणी होते आणि तीन गोष्टी पाहतात : दरडोई उत्पन्न, माणसांचं आरोग्य-शिक्षण, आणि आर्थिक व पर्यावरणीय धक्क्यांपुढे देश किती उघडा पडतो ते. तिसरा निकष मुलांना समजवायला फार शब्द लागले नाहीत. एक पाऊस हुकला की घरात काय काय होतं, ते त्यांनी पाहिलेलं आहे.

१ जुलै

रकाने पक्के केले. नाव, क्षेत्रफळ, लोकसंख्या, राजधानी, स्वातंत्र्याची तारीख, राज्यव्यवस्था, चलन, उत्पन्नाची साधनं. शेवटी एक मोठा रकाना, जवळजवळ पाव कार्डशीट व्यापणारा : ‘शेजाऱ्याशी देणंघेणं’. पाणी कुणाचं, वीज कुणाची, बंदर कुणाचं, कामाला माणसं कुठे जातात, पैसा कुठून येतो. छोट्या देशाचं राजकारण आणि अर्थकारण या रकान्यात सापडतं, असं माझं ठाम मत आहे. वर्गाने तो भरताना ते तपासून पाहावं.

आकड्यांबाबत नियम केला. प्रत्येक आकड्याला साल लावायचं. बिनसालाची लोकसंख्या पत्रकावर येणार नाही.

९ जुलै

क्षेत्रफळं आलेख कागदावर काढली. एक चौकट म्हणजे १०० चौ. किमी. आधी आपले जिल्हे काढायला लावले : बीड १०,६९३, लातूर ७,१५७, धाराशिव ७,५६९. तिघांची बेरीज २५,४१९ होते. शेजारी रवांडा काढला, २६,३३८. दोन्ही जवळपास सारखेच. मग लोकसंख्या. या तीन जिल्ह्यांत २०११ च्या जनगणनेत मिळून सुमारे ६७ लाख माणसं. रवांडात २०२२ च्या जनगणनेत १ कोटी ३२ लाख. तेही डोंगराळ मुलखात, उतारांवर पायऱ्या-पायऱ्यांची शेती करून. वर्ग थोडा वेळ कागदाकडे बघत राहिला. मग कुणीतरी विचारलं, “मग एकेकाच्या वाटणीला रान किती?” पाऊण तास त्या एका प्रश्नात गेला. रवांडाचं पत्रक त्या गटाने त्याच प्रश्नाभोवती लिहिलं आहे. कॉफी, चहा, तुकड्या-तुकड्यांची जमीन आणि १९९४ च्या नरसंहारानंतर नव्याने उभं केलेलं प्रशासन.

बुरुंडीही शेजारी काढला, २७,८३४. वर्गातल्या भिंतीवरच्या जुन्या नकाशात राजधानी बुजुम्बुरा आहे. २०१९ पासून राजकीय राजधानी गितेगा. बुजुम्बुरा व्यापाराचं शहर म्हणून टांगानिका सरोवराकाठी आहेच. पत्रकावर दोन्ही नावं, सालासकट.

१२ जुलै

योगायोगाने आज किरिबातीचा स्वातंत्र्यदिन, १२ जुलै १९७९. जमीन अवघी ८११ चौ. किमी. पॅसिफिकमध्ये विखुरलेली बेटं, बहुतेक समुद्रसपाटीपासून दोन-तीन मीटर उंचीची. पण तिच्या हक्काचं सागरी क्षेत्र साधारण भारताच्या भूभागाएवढं आहे. या पाण्यात टूना मासा फिरतो आणि परदेशी जहाजांना मासेमारीचे परवाने देऊन सरकारला उत्पन्नाचा सर्वांत मोठा हिस्सा मिळतो. आजूबाजूच्या बेटदेशांनी एकत्र येऊन दर ठरवले. जहाजाने किती दिवस मासे धरायचे, ते दिवस विकायचे. एकेकटे असते तर मोठ्या जहाज कंपन्यांनी दर पाडले असते.

शेजाऱ्याच्या रकान्यात गटाने लिहिलं : ‘लहानांनी मिळून भाव ठरवला.’ तसंच ठेवलं.

२२ जुलै

गांबिया. आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरचा सर्वांत छोटा देश, क्षेत्रफळ ११ हजार चौ. किमीच्या आसपास, म्हणजे आपल्या बीड जिल्ह्याएवढा. आकार नदीचा. गांबिया नदीच्या दोन्ही काठांची चिंचोळी पट्टी, रुंदी जेमतेम पन्नास किमीच्या आत, आणि समुद्राची बाजू सोडली तर चहूकडून सेनेगल. नदी इंग्रजांच्या हाती आणि आसपासचा मुलूख फ्रेंचांच्या, म्हणून ही हद्द अशी पडली. स्वातंत्र्य १८ फेब्रुवारी १९६५. १९८२ ते १९८९ दोन्ही देशांनी सेनेगांबिया नावाचं महासंघाचं घर मांडून पाहिलं, ते टिकलं नाही.

पीक भुईमूग. इथे मुलांचे कान टवकारले. त्यांच्या आजोबांच्या काळात इकडेही उन्हाळी-पावसाळी भुईमूग असायचा, आता सगळीकडे सोयाबीन. गांबियाने पिढ्यान् पिढ्या शेंगा निर्यात केल्या आणि भात मात्र मोठ्या प्रमाणात बाहेरून आणला. शेंगेचा भाव पडला की खायच्या तांदळाची अडचण. नगदी पिकाचं हे गणित मला वेगळं समजवावं लागलं नाही.

पण आज वर्ग खरा रमला तो मतदानात. गांबियात मत काचेच्या गोटीने देतात. साठच्या दशकापासूनची पद्धत, कारण तेव्हा बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. प्रत्येक उमेदवाराचा एक लोखंडी पिंप असतो, त्याच्या रंगात रंगवलेला, वर त्याचा फोटो. मतदार एकटा आत जातो आणि पिंपाच्या नळीतून गोटी सोडतो. आत घंटी असते, गोटी लागली की एकदा टण्ण वाजते. बाहेरच्या अधिकाऱ्याला आवाजावरून कळतं की मत पडलं, आणि दोनदा वाजलं तर कुणी दोन गोट्या टाकल्या. खाली भुसा किंवा वाळू पसरलेली असते, म्हणजे गोटी तळाला आपटून दुसरा आवाज होत नाही. सायकलच्या घंटीने घोटाळा होऊ नये म्हणून मतदान केंद्राजवळ सायकली येऊ देत नाहीत. मोजणीला खाचांचे ट्रे असतात, एका ट्रेत दोनशे किंवा पाचशे गोट्या बसतात. ट्रे भरले की बेरीज सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

मुलांनी लगेच तेलाचा रिकामा डबा, सायकलची घंटी आणि गोट्या जमवून वर्गप्रतिनिधीची निवडणूक घेतली. घंटी नीट बसवायला तारेचा आकडा लागला आणि डब्याच्या तोंडावर पत्र्याची नळी. खालच्या वर्गांतली मुलंही बघायला आली.

या गोट्यांनीच २०१६ च्या डिसेंबरात बावीस वर्षं सत्तेवर असलेल्या याह्या जामे यांना हरवलं. त्यांनी आधी पराभव मान्य केला, मग फिरवला. पश्चिम आफ्रिकी देशांच्या संघटनेचं सैन्य सीमा ओलांडून आत आलं, तेव्हा जानेवारी २०१७ मध्ये ते देश सोडून गेले. अदामा बॅरो अध्यक्ष झाले. आणि याच एवढ्याशा देशाने नोव्हेंबर २०१९ मध्ये रोहिंग्यांच्या नरसंहाराचा खटला म्यानमारविरुद्ध हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेला. हे सांगताना मला फार भरून आलं. बीड जिल्ह्याएवढा देश न्यायाची मागणी घेऊन एवढ्या लांब जातो, हे पत्रकावर ठळक अक्षरात हवं.

शेजाऱ्याचा रकाना : सेनेगलच्या उत्तर-दक्षिण वाहतुकीला गांबिया आडवा येतो. फराफेन्नीजवळ फेरीबोटीसाठी ट्रक दिवसेंदिवस ताटकळायचे. जानेवारी २०१९ मध्ये तिथे पूल खुला झाला.

४ ऑगस्ट

लेसोथो सुरू केला. यासाठी दोन आठवडे राखून ठेवले होते आणि ते पुरणार नाहीत, असं दिसतं.

सगळ्या बाजूंनी दक्षिण आफ्रिका, मध्ये ३०,३५५ चौ. किमीचा हा देश. लोकसंख्या सुमारे २३ लाख, म्हणजे लातूर जिल्ह्याहूनही थोडी कमी. जगात एवढ्या उंचीवर संपूर्ण वसलेला दुसरा देश नाही. त्याचा सर्वांत सखल बिंदूसुद्धा समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटरवर आहे. सर्वांत उंच शिखर थबाना एन्टलेन्याना, ३,४८२ मीटर. स्वातंत्र्य ४ ऑक्टोबर १९६६. राजा आहे, लेट्सी तिसरे, पण सत्ता निवडून आलेल्या सरकारकडे. कनिष्ठ सभागृहात १२० जागा. ऑक्टोबर २०२२ पासून पंतप्रधान सॅम माटेकाने, ज्यांचा पक्ष निवडणुकीआधी काही महिने स्थापन झाला होता.

वर्गाने विचारलं, दक्षिण आफ्रिकेने हा देश गिळला कसा नाही? उत्तर एकोणिसाव्या शतकात आहे. मोशोशो पहिला या राजाने विखुरलेल्या टोळ्या थाबा बोसिऊच्या सपाट माथ्याच्या डोंगरावर एकत्र केल्या. बोअर, म्हणजे डच वंशाच्या, शेतकऱ्यांनी खालची सुपीक जमीन बळकावली, तेव्हा त्याने ब्रिटिशांचं संरक्षण मागून घेतलं, ते १८६८ मध्ये मिळालं. सुपीक जमिनीचा मोठा भाग गेला, डोंगर राहिले, देश वाचला. आजही नकाशात पाहा : कॅलेडन नदीपलीकडची चांगली शेती दक्षिण आफ्रिकेत आहे.

थाबा बोसिऊचं चित्र दाखवताना मी धारूरच्या किल्ल्याचं नाव काढलं. सहलीत सगळ्यांनी पाहिलेला आहे. त्या डोंगरावर वेढ्यात माणसं कशी तगली असतील, हे मग बोलता आलं.

११ ऑगस्ट

आज लेसोथोचं पाणी.

डोंगरात पाऊस आणि बर्फ, खाली दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्ग-प्रिटोरियाचा उद्योगांचा तहानलेला पट्टा. १९८६ च्या जानेवारीत दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारने लेसोथोची नाकेबंदी केली. अन्न, इंधन अडवलं. २० जानेवारीला मासेरूत लष्कराने सत्ता घेतली. त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला पाण्याचा करार झाला. या तीन तारखा मी फळ्यावर एकाखाली एक लिहिल्या आणि पाच मिनिटं काहीच बोलले नाही. वर्गाने आपापसांत बोलून जे काढायचं ते काढलं.

करारातून उभं राहिलं काट्से धरण. उंची १८५ मीटर, लांबी ७१० मीटर, काँक्रीटची वक्राकार भिंत. साठा १,९५० दलघमी (दशलक्ष घनमीटर). आपल्या तालुक्यातलं धनेगावचं मांजरा धरण सुमारे २२४ दलघमी, तेव्हा अशी आठ-नऊ धनेगावं त्यात बसतील. जायकवाडी साठवणीत काट्सेहून मोठं आहे, पण त्याची भिंत दहा किमी लांब आणि ठेंगणी. अरुंद दरीत बांधलेलं धरण आणि पसरट खोऱ्यात बांधलेलं धरण, यांतला फरक मुलांनी छेद काढून दाखवला. आकृती नीटस झाली आहे, पत्रकावर तीच घ्यायची.

काट्सेचं पाणी डोंगरातून बोगद्याने वाहतं. पंप नाही, केवळ उतार. वाटेत मुएला इथे ७२ मेगावॅट वीज तयार होते आणि पुढे ते पाणी दक्षिण आफ्रिकेच्या नद्यांत पडून वाल धरणात पोचतं. १९९८ मध्ये हे रीतसर सुरू झालं. लेसोथोला दर महिन्याला पाण्याचं स्वामित्वधन मिळतं, आणि स्वतःची वीज.

“मॅडम, आपल्या धनेगावचं पाणी पण लातूरला जातं की.” हे येणार, हे मला माहीत होतं. जातं, अंबाजोगाईला, केजला, कळंबलाही जातं. २०१६ च्या उन्हाळ्यात ते धरण कोरडं पडलं आणि मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं. ही मुलं तेव्हा अगदी लहान होती, पण घरी सगळ्यांनी ऐकलेलं आहे. पाणी शहराला देऊ नये, असं वर्गात कुणी म्हटलं नाही. ज्यांची जमीन बुडाली त्यांना काय मिळालं, हा प्रश्न मात्र दोन्हीकडे सारखा आला. लेसोथोत काट्सेसाठी दऱ्यांमधली कुरणं आणि शेतं पाण्याखाली गेली. राजधानी मासेरूसाठी त्या देशाला मेटोलोंग नावाचं वेगळं धरण बांधावं लागलं. शेजाऱ्याला बारमाही पाणी पुरवणारा देश, आणि त्याच्या स्वतःच्या राजधानीला पाण्याची निकड. पत्रकात हे दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवायचे : काट्सेतून जाणारं पाणी आणि मेटोलोंगमधून मासेरूला मिळणारं.

१८ ऑगस्ट

लेसोथो, तिसरा भाग : माणसं.

शंभर वर्षांहून अधिक काळ बासोथो (लेसोथोतले) पुरुष दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणीत कामाला गेले. १९८० च्या दशकाच्या शेवटी ही संख्या लाखाहून जास्त होती. मागे बायका शेती सांभाळत. वर्गात मागच्या बाकावरची एक मुलगी, जिचे आई-वडील दोघंही दरवर्षी कारखान्यावर जातात, तिने विचारलं, “त्यांना उचल मिळायची का?”

या प्रश्नासाठी मी तिची ऋणी आहे. आपल्याकडे मुकादम हंगामाआधी कोयत्यामागे उचल देतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. घेतलेली रक्कम ऊस तोडून फेडायची, फिटली नाही तर पुढच्या हंगामाला पुन्हा जायचं. लेसोथोत उलटं होतं. १९७४ च्या कायद्याने खाण कामगाराच्या पगारातले ६० टक्के लेसोथोच्या बँकेत जमा होत आणि करार संपवून माणूस घरी आला की त्याला मिळत. देशाला परकी पैसा आणि ठेवी मिळाव्यात, हा सरकारचा हेतू.

वर्गाचे सरळ दोन तट पडले. एक म्हणाला, हेच बरं, घरी आल्यावर पैसा हातात, डोक्यावर कर्ज नाही. दुसऱ्यांचं म्हणणं, कष्ट माझे आणि पैसा सरकार का अडकवणार? घरी आई आजारी पडली तर? खाण कामगारांचंही असंच झालं होतं. १९७५ मध्ये या सक्तीवरून खाणींत उद्रेक झाले. मी निकाल दिला नाही. दोन्ही बाजू पत्रकात जातील.

पुढे सोन्याच्या खाणी आटत गेल्या, माणसं परत आली. बऱ्याच जणांना खाणीतल्या धुळीने सिलिकोसिस हा फुफ्फुसाचा आजार झालेला. खाण कंपन्यांविरुद्धच्या सामूहिक दाव्यात सुमारे ५ अब्ज रँडच्या भरपाईची तडजोड २०१९ मध्ये जोहान्सबर्गच्या न्यायालयाने मान्य केली. दरम्यान रोजगार सरकला तयार कपड्यांच्या कारखान्यांकडे, तिथे बहुतांश बायका. अमेरिकेने २००० च्या कायद्याने आफ्रिकी मालाला शुल्कमाफी दिली, त्यावर हा धंदा उभा राहिला. यंदा एप्रिलमध्ये त्याच अमेरिकेने लेसोथोवर ५० टक्के आयात शुल्क जाहीर केलं, नंतर ते १५ टक्क्यांवर आणलं. एका घोषणेने मासेरूतल्या शिलाई मशीनवर बसलेल्या बाईचं काम जाऊ शकतं, हे मुलांनी वर्तमानपत्रातल्या बातमीला जोडून लिहिलं.

लोती दक्षिण आफ्रिकेच्या रँडच्या बरोबरीत बांधलेला आहे. जकात उत्पन्न १९१० पासूनच्या दक्षिण आफ्रिकी सीमाशुल्क संघातून वाटून येतं. रकाना भरून मागच्या बाजूला गेला.

२५ ऑगस्ट

दरडोई उत्पन्नाचा तास. विषुववृत्तीय गिनी : २८,०५१ चौ. किमी, तेल, दरडोई उत्पन्नाच्या जोरावर २०१७ मध्ये अल्पविकसित यादीतून बाहेर. १९७९ पासून एकच अध्यक्ष, तेओदोरो ओबियांग. सरासरी चढली, पण तेलाचा पैसा मोजक्या हातांत राहिला. सरासरीचं गणित गणिताच्या सरांनी फळ्यावर करून दाखवलं. एका घरात शंभर, नऊ घरांत एक-एक.

नाउरू यादीत कधी नव्हता, तरी घेतला. २१ चौ. किमी. फॉस्फेट खणून सत्तरच्या दशकात दरडोई उत्पन्नात जगात वरच्या ओळीत. मेलबर्नमध्ये उंच इमारत बांधली, २००४ मध्ये ती विकावी लागली. बेटाचा मधला बहुतेक भाग खणून ओसाड झाला आहे. इथे जास्त लिहिण्याची गरज वाटली नाही, फोटोच पुरेसा आहे.

१७ सप्टेंबर

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. झेंडावंदनानंतर दहावीतही बोलावलं म्हणून दोन्ही वर्ग एकत्र बसवले.

आपण स्वतः एका चहूकडून वेढलेल्या राज्यात होतो, हे मुलांना या प्रकल्पाच्या उजेडात सांगायचं होतं. निजामाचं हैदराबाद संस्थान ८२ हजार चौ. मैलांहून मोठं, १९४१ मध्ये दीड कोटीहून जास्त माणसं. स्वतःचा हाली सिक्का, स्वतःचं टपाल, स्वतःची रेल्वे. समुद्र नाही. १९४७ मध्ये निजामाला स्वतंत्र राहायचं होतं. २९ नोव्हेंबर १९४७ ला भारताशी जैसे थे करार झाला, १९४८ च्या ऑगस्टमध्ये हैदराबादने संयुक्त राष्ट्रांकडे धाव घेतली. १३ सप्टेंबरला पोलीस कारवाई सुरू झाली, १७ ला संपली.

दहावीतल्या एकाने विचारलं, मग लेसोथो स्वतंत्र राहिला ते चांगलं आणि हैदराबाद राहिलं नाही तेही चांगलं, हे कसं? प्रश्न रास्त आहे. मी स्वामी रामानंद तीर्थांपासून सुरुवात केली. स्टेट काँग्रेसवरची बंदी, सत्याग्रह, सरहद्दीवरचे कॅम्प, रझाकारांनी जाळलेली गावं. इथल्या मराठी, तेलुगू, कन्नड माणसांना भारतात यायचं होतं आणि त्यासाठी त्यांनी मार खाल्ला. लेसोथोतल्या माणसांना वर्णद्वेषी राजवटीत जायचं नव्हतं. राज्य कुणाला हवं होतं, हे बघितलं पाहिजे. म्हणून ‘स्वातंत्र्याची तारीख’ या रकान्याखाली आजपासून एक ओळ वाढवली : ‘कुणी मागितलं, कुणी दिलं?’

२९ सप्टेंबर

अतिवृष्टी. मांजरा धरणाचे दरवाजे उघडले, नदीकाठच्या रानात पाणी. शाळेला सुट्ट्या. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं. मुलांच्या घरी पंचनाम्याची धावपळ आहे, प्रकल्प थांबवला.

१० ऑक्टोबर

पुन्हा सुरू. भूतानच्या गटाने आपणहून काम पुरं केलं होतं. ३८,३९४ चौ. किमी, नद्या खाली येताना वीज देतात, ती वीज भारत घेतो. चुखा ३३६ मेगावॅट, ताला १,०२० मेगावॅट. हिवाळ्यात नद्यांचं पाणी कमी झालं की भूतान उलट भारताकडून वीज घेतो. चलन रुपयाच्या बरोबरीत. देशाचा ६० टक्के भाग कायम जंगलाखाली राहील, हे राज्यघटनेत लिहिलेलं आहे. २००८ मध्ये राजाने स्वतःहून संसदीय निवडणुका आणल्या. डिसेंबर २०२३ मध्ये देश अल्पविकसित यादीतून बाहेर पडला.

जिबूती : २३,२०० चौ. किमी, शेती नावापुरती. शेजारी इथिओपिया, बारा कोटींहून जास्त लोकसंख्येचा, पण एरिट्रिया वेगळा झाल्यापासून बंदर नाही. त्याचा बहुतेक व्यापार जिबूतीच्या बंदरातून. अमेरिका, फ्रान्स, जपान, इटली आणि २०१७ पासून चीन, सगळ्यांचे लष्करी तळ इथे. बंदराची आवक आणि तळांचं भाडं हेच मुख्य उत्पन्न. तांबडा समुद्र आणि एडनचं आखात जोडणारी बाब-अल-मंदेबची सामुद्रधुनी नकाशावर लाल स्केचपेनने दाखवली की सगळं उलगडतं. पाणी मात्र जिबूतीला इथिओपियातून पाइपलाइनने येतं.

कोमोरोसच्या क्षेत्रफळावर गट अडला. एका पुस्तकात १,८६१, दुसऱ्यात २,२३५. फरक मायोत बेटाचा. १९७४ च्या सार्वमतात तीन बेटांनी स्वातंत्र्य निवडलं, मायोतने फ्रान्स. ६ जुलै १९७५ ला कोमोरोस स्वतंत्र झाला, तरी आजही मायोतवर हक्क सांगतो. घटनेत ते बेट त्यांचं आहे. पत्रकावर दोन्ही आकडे येतील आणि दोन आकडे का, तेही. व्हॅनिला, लवंग, इलांग-इलांगच्या फुलांचं तेल ही निर्यात. व्हॅनिलाचं एकेक फूल हाताने फळवावं लागतं. पन्नास वर्षांत वीसेक उठाव आणि उठावाचे प्रयत्न. मुलांना एक चेहरा ओळखीचा निघाला : ९ सप्टेंबर २०२३ ला दिल्लीच्या जी-२० परिषदेत आफ्रिकी संघाला सदस्यत्व मिळालं, तेव्हा पंतप्रधानांनी ज्यांना मिठी मारली ते अझाली असौमानी. कोमोरोसचे अध्यक्ष आणि त्या वर्षी आफ्रिकी संघाचे प्रमुख.

४ नोव्हेंबर

सुट्टीनंतर शाळा भरली. अपेक्षेप्रमाणे बाकं रिकामी. काही मुलं हंगामी वसतिगृहात राहिली, काही आई-वडिलांबरोबर सांगली-कोल्हापूरकडे गेली. जाताना त्यांनी अर्धी पत्रकं घड्या न घालता, गुंडाळी करून मला दिली.

उरलेल्यांबरोबर काबो व्हर्दे. अटलांटिकमधली दहा बेटं, ४,०३३ चौ. किमी, पाच लाखांच्या आसपास वस्ती. पाऊस बेभरवशाचा. पोर्तुगीज राजवटीत १९४० च्या दशकात दुष्काळाने माणसं हजारोंनी मेली. लोक बाहेर गेले ते जातच राहिले. आज देशात आहेत त्याहून जास्त काबो व्हर्देचे लोक बाहेर आहेत आणि त्यांचा पैसा घरी येतो. स्वातंत्र्य ५ जुलै १९७५. पुढे स्थिर लोकशाही, शाळा, समुद्राचं पाणी गोडं करण्याचे प्रकल्प, आणि २००७ मध्ये अल्पविकसित यादीतून बाहेर. गेल्याच महिन्यात हा देश २०२६ च्या फुटबॉल विश्वचषकाला पात्र ठरला. वसतिगृहातल्या मुलांनी हे पत्रक हट्टाने मागून घेतलं.

पूर्व तिमोरवर एक दुरुस्ती : २६ ऑक्टोबरला तो आसिआनचा अकरावा सदस्य झाला. बाकी तेच. २० मे २००२ चं स्वातंत्र्य, चलन अमेरिकी डॉलर, तेल-वायूचा पैसा २००५ पासूनच्या निधीत ठेवून त्यातून दरवर्षी खर्च. नाउरूच्या शेजारी लावायचं.

९ डिसेंबर

पत्रकं अभ्यासिकेत लागली. खिडकीकडच्या भिंतीवर ऊन येतं, तिथे शाई उडेल, म्हणून दाराकडची भिंत घेतली. लेसोथोचं पत्रक दुमडून दोन्ही बाजू वाचता येतील असं दोरीला टांगलं. गांबियाचा डबा कपाटावर ठेवला आहे, घंटीसकट. अभ्यासिकेतल्या मुलांनी विचारलं की ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत ठेवू का. जरूर न्या, म्हणून सांगितलं.

पुढची कामं. साओ टोमे अँड प्रिन्सिपे डिसेंबर २०२४ मध्ये यादीतून बाहेर पडला, त्याचं पत्रक अजून व्हायचं आहे. कोको आणि गुलामांचे मळे यांवर ते करायचं. सहावीची दोन मुलं मागे लागली आहेत, त्यांना देणार. २४ नोव्हेंबर २०२६ ला बांगलादेश, नेपाळ आणि लाओस यादीतून बाहेर पडायचे आहेत. ते झालं तर यादीचा आकडा ४४ वरून ४१ होईल, तो बदलायला पत्रकावर खडूने लिहिण्यापुरती काळी पट्टी ठेवली आहे. मार्चअखेर कारखाने बंद होतील आणि मुलं परत येतील. त्यांच्या गटांचे रकाने तोवर मोकळे ठेवले आहेत. इस्वातिनी त्यांच्यासाठी आहे. १७,३६४ चौ. किमी, राजा मस्वाती तिसरे, पक्षांना निवडणूक लढवायला मनाई, आणि सखल भागात कालव्याच्या पाण्यावर ऊस. ऊस तोडून आलेल्या मुलांनी ते पत्रक लिहावं.